पुढे द्यावयाचा पगार

“वाजीव बघू,” भरमाण्णा म्हणाला.

नव्या खातेवहीवरचं कुंकू अजून ओलं होतं. रवळू घाडीनं त्यावर फुंकर घातली, वही आपल्याकडे ओढली, पहिलं पान उघडलं आणि मधल्या बोटानं त्यावर दोन टिचक्या मारल्या. कागदाचा व्हायचा तेवढाच आवाज झाला.

“काय म्हनतंय?”

“भरीव हाय अण्णा. खणखणीत.”

“मग झालं तर.” भरमाण्णानं पेढा तोंडात टाकला, पानाला हात लावून तो कपाळाला लावला आणि तो भट्टीकडे निघून गेला.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या पाडव्याची. बेळगावच्या उद्यमबागेत मारुतीरावांची फौंड्री होती. पंपाच्या बॉड्या ओतायच्या आणि कोल्हापूर-सांगलीपर्यंत पाठवायच्या, हा धंदा. कारखान्याचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं आणि पाडव्याला नव्या वहीचं पूजन झालं की पहिलं पान भरमाण्णाचं लिहायचं, असा रिवाज पडून गेला होता. मारुतीरावांच्या मते तो शकुन होता. पानाच्या डोक्यावर रवळूच्या गोल, वळणदार अक्षरात मथळा असायचा: ‘श्री. भरमा होनगेकर, पुढे द्यावयाचा पगार’. ही त्या पानाची सातवी दिवाळी.

भरमा होनगेकर मूळचा कडोलीचा. छप्पन साली वाळू चाळायला म्हणून तो कारखान्यात आला, मग साचे भरायला लागला, आणि पंधरा-सोळा वर्षांत असा तयार झाला की भट्टीच्या तोंडाचा रंग बघून लोखंड ओतायला झालंय की नाही ते सांगायचा. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते कानामुळे. वाळूतून काढलेली बॉडी तो लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा आणि छोट्या हातोडीनं एकदाच ठोकायचा. चांगली बॉडी घंटेगत वाजायची. जिच्या पोटात हवेचा फुगा राहिलाय, ती बाहेरून कितीही गुळगुळीत दिसो, बद्द वाजायची. त्यानं बाजूला काढलेली बॉडी फोडून बघितली आणि आत फुगा सापडला नाही, असं कधी झालं नव्हतं. असा माणूस कुणाला नको असतो?

बाहत्तर साली कोल्हापूरच्या एका कारखान्यानं त्याला पंधराशे देऊ केले. तेव्हा त्याला इथे साडेआठशे मिळत होते. मारुतीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पंधराशे द्यायची त्यांची ऐपत नव्हती आणि भरमाण्णाला सोडायची छाती नव्हती. मग पुण्याच्या कुणा उद्योगपतीकडून ऐकलेली एक युक्ती त्यांना आठवली. त्यांनी भरमाण्णाला ऑफिसात बोलावून, खुर्चीवर बसवून सांगितलं, “मोठ्या कंपन्यांत साहेबलोकांना दोन पगार असतात, भरमाण्णा. एक हातात, एक वहीत. आजपासून तू वर्क्स मॅनेजर. हातात अकराशे. त्याशिवाय महिन्याला दोनशे आणि वर्षाच्या नफ्यातला तुझा वाटा वहीत लिहायचा, त्यावर सहा टक्के व्याज. अठ्ठावन्न पुरी झाली की सगळे पैसे तुझे.”

“आन मधीच गेलो तर?”

“तर नाही मिळायचे.”

बैल दाव्यानं बांधतात, भरमाण्णाला मारुतीरावांनी वहीनं बांधला. पण भरमाण्णाला ते बांधणं वाटलं नाही. साहेबलोकांसारखं आपलंही काहीतरी पुढे ठेवलंय, याचंच त्याला अप्रूप वाटलं. त्याच साली ग्रॅच्युइटीचा कायदा आला. सगळ्या कामगारांना तो लागू झाला. पण हजाराच्या वर पगार असलेल्यांना नाही, म्हणजे भरमाण्णाला नाही. त्यानं ते हसण्यावारी नेलं. त्याचं तर पानच वेगळं होतं.

पहिल्या पाडव्याला पान बघायला आला तेव्हा त्याला आकडे वाचता येत होते, पण जमाखर्चाचं बाकी काही कळत नव्हतं. थोडा वेळ पानाकडे बघून झाल्यावर तो एकोणतीस वर्षांच्या कारकुनाला, म्हणजे रवळूला, गमतीनं म्हणाला, “मला लोखंड कळतं, ही वही तुझी. तूच वाजीव आन सांग.” रवळूनं टिचकी मारली आणि सांगितलं. त्या वर्षी ते हसले. दुसऱ्या वर्षीही हसले. पुढे पुढे हसणं गेलं आणि विचारणं तेवढं राहिलं.

रवळू घाडी रोज गुंजीहून पॅसेंजरनं यायचा. तेविसाव्या वर्षी कारकून म्हणून लागला आणि वह्या लिहीत लिहीत हेडक्लार्क झाला. त्याच्या ताळेबंदात कधी एका पैशाचा फरक आला नाही. कारखान्यात कुणी लग्न जुळल्याचं सांगितलं तरी तो आधी तारीख विचारायचा, कारण त्या महिन्यात उचल लिहावी लागणार. अशा माणसाला लोक कोरडा म्हणतात. तो कोरडा नव्हता. फक्त आकडा बरोबर असला की सगळं बरोबर असतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्याच्या या समजुतीला पहिला धक्का पंचाहत्तर साली बसला होता. कोल्हापूरचे ऑडिटर दरवर्षी हिशेब तपासायला यायचे. जाडजूड माणूस, चहात तीन चमचे साखर घालणारा. भरमाण्णाचं पान बघून त्यांनी रवळूला विचारलं, “हे पैसे कुठं आहेत?”

“वहीत हाईत की साहेब.”

“वहीत आकडा आहे, घाडी. पैसे कुठं आहेत?”

रवळू मागची पानं उलटू लागला. पैसे भट्टीसाठी दगडी कोक आणण्यात गेले होते, वाळूत गेले होते, नव्या लेथमध्ये गेले होते. दरवर्षी ते नफ्यातून वजा होत होते आणि देण्यांच्या बाजूला जमा होत होते. हिशेबात तसूभर चूक नव्हती. पण कुठल्या पेटीत, कुठल्या बँकेत भरमाण्णाच्या नावचा एक रुपया नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ऑडिटरांनी मारुतीरावांना समोर बसवून समजावलं. देणं लिहून ठेवणं निराळं आणि ते फेडायला पैसा बाजूला काढणं निराळं. मारुतीराव मनानं वाईट नव्हते. त्यांनी लगेच भरमाण्णाच्या नावानं विमा उतरवला. हप्ता कारखान्यानं भरायचा आणि शहाऐंशी साली, भरमाण्णाला अठ्ठावन्न पुरी होताना, पॉलिसी पिकायची.

“पॉलिसी कुणाच्या नावावर घेतलीत?” ऑडिटरांनी पुढच्या वर्षी विचारलं.

“कंपनीच्या.”

“मग ती कंपनीचीच मालमत्ता झाली. उद्या अडचण आली तर जो पहिला दारात उभा राहील तो घेऊन जाईल. ट्रस्ट करा आणि पॉलिसी ट्रस्टच्या ताब्यात द्या. मग ती तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही.”

“आणि भरमाण्णा मधेच सोडून गेला तर?”

“ती अट कागदात घालता येते. मसुदा मी पाठवतो.”

चार पानी मसुदा आला. मारुतीरावांनी ‘बघूया’ म्हटलं. रवळूनं तो आपल्या टेबलाच्या खालच्या खणात, कार्बन पेपरच्या गठ्ठ्याखाली ठेवला. तेव्हापासून दर पाडव्याला टिचकी मारताना त्या खणाची आठवण त्याला व्हायची. पण पान खोटं नव्हतं, आकडा खोटा नव्हता. मग खणखणीत म्हणायला काय हरकत होती?

एकोणऐंशीच्या दिवाळीआधी ती वेळ आली. मारुतीरावांच्या मुलीचं लग्न निपाणीच्या तंबाखूवाल्या घरात ठरलं होतं आणि ते खुशीत होते. सकाळी ऑफिसात येताच कोट खुंटीला अडकवत म्हणाले, “घाडी, तो भरमाण्णाचा कागद आण. आज सही करून टाकतो. एक ओझं उतरेल.”

रवळूचा हात खणाकडे गेला. खण ओढला गेलासुद्धा. पण त्याच्या डोळ्यांसमोर सोमवार होता. विजेवरची नवी भट्टी घ्यायला बँकेकडे कर्ज मागितलं होतं आणि सोमवारी कागद द्यायचे होते. तारण म्हणून दाखवायला वस्तू आधीच कमी पडत होत्या. त्यातून पॉलिसी ट्रस्टला गेली की आणखी एक ओळ कमी होणार. आदल्या दिवशी पुरी केलेली यादी पुन्हा टाइप करावी लागणार.

“मालक, कर्जाचं एकदा होऊ द्या,” तो म्हणाला. “मग करूया.”

“तू म्हणशील तसं.” मारुतीरावांनी पेन खिशाला लावलं.

आठवड्यानं बँकेनं तारणांची पक्की यादी मागितली. त्यात सहाव्या ओळीला रवळूनं स्वतः टाइप केलं: विमा पॉलिसी एक. मारुतीरावांनी सह्या केल्या, पॉलिसी बँकेच्या तिजोरीत गेली, भट्टी आली. भट्टीला हार घातला तो भरमाण्णानंच.

रवळूनं मनाची समजूत घातली. सहा वर्षांत कर्ज फिटेल, पॉलिसी परत येईल, मग सही. सहा वर्षं कशी जातील कळणारही नाही. तशी ती गेलीही.

मध्ये ब्याऐंशी साली एका रविवारी भरमाण्णा त्याला अनगोळला घेऊन गेला. आजवर तो कारखान्याच्या दोन खोल्यांत राहत आला होता. नोकरी संपली की त्या सोडाव्या लागणार होत्या. फंडातून पैसे काढून त्यानं अनगोळला प्लॉट घेतला होता आणि दगडी जोतं बांधून काढलं होतं. कंबरेइतकं उंच, चौफेर घडीव दगड. वर काहीच नाही. भरमाण्णाची बायको मालुबाई त्या जोत्यावर हातात झाडू घेऊन उभी होती, घर झाडावं तसं ते झाडत होती.

“या भावजी. ह्ये सोपा. हिकडं सैपाकघर. आन हितं न्हानी, पानी भाईर जायाला हिकडनं वाट काढणार हाय.” ती मोकळ्या जोत्यावरून एका खोलीतून दुसरीत गेल्यासारखी चालत होती. जिथे दार यायचं होतं तिथून वळत होती. “भिंती तुमच्या वहीत हाईत बगा सगळ्या. किती वरसं ऱ्हायली?”

“चार, वैनी.”

“चार म्हंजे काय, आलीच की.”

तिनं जोत्याच्या कडेला बसवून त्याला चिरमुरे आणि गूळ घातलेला चहा दिला. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. भरमाण्णा चौपन्न वर्षांचा होता, हातातली कला शाबूत होती, कोल्हापूरचे दरवाजे अजून उघडे होते. रवळूनं चहा संपवला आणि न्हाणी थोडी मागे घ्या, असं सांगून तो गुंजीची गाडी पकडायला निघाला. त्या दिवशी गाडीत त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज काही कुठल्या बाजूला लिहायची असते? गुंजी येईतो ती मावळली.

पुढे वीजकपात सुरू झाली. आठवड्यातले चार-चार दिवस नवी भट्टी थंड पडून राहायची, व्याज मात्र सातही दिवस चालायचं. पंपांची गिऱ्हाइकं तुटली. मारुतीरावांना अर्धांगाचा झटका आला. पंच्याऐंशीच्या श्रावणात बँकेनं पॉलिसी मोडून पैसे कर्जात वळते करून घेतले आणि कारखान्याला कुलूप लागलं. भरमाण्णाला अठ्ठावन्न पुरी व्हायला पाच महिने कमी होते.

बेंगळूरच्या कोर्टानं कारखाना विकून देणी वाटायला लिक्विडेटर नेमला. त्याचा एक माणूस येऊन ऑफिसात बसला आणि याद्या करायला रवळूलाच रोजावर ठेवलं गेलं. आधी बँक, मग कामगार, मग राहिलं तर बाकीचे. कामगारांच्या यादीत तिसरा नंबर खुद्द रवळूचा आला. कारकून कायद्यानं कामगारांतच मोडतो. एकोणीस वर्षांची ग्रॅच्युइटी, नऊ हजार आठशे पासष्ट. भरमाण्णाचं नाव त्यानं चौथ्या ओळीला लिहिलं. लिक्विडेटरच्या माणसानं चष्म्यातून बघितलं.

“मॅनेजर ना हे?”

“आधी साचे भरणारे मोल्डर होते साहेब. तीस वर्षं—”

“मॅनेजर अंदरे मॅनेजर. आगूदिल्ला.” मॅनेजर म्हणजे मॅनेजर, होणार नाही. त्यानं लाल शाईनं नाव खोडलं. मग रवळूनं ते बाकीच्यांच्या यादीत टाइप केलं: अनुक्रमांक सत्तावीस, वर कोकवाला, खाली वाळूचा ठेकेदार. रक्कम रुपये शहात्तर हजार चारशे. आकडा अगदी बरोबर होता.

त्या वर्षीचा पाडवा बुधवारी आला. लिक्विडेटरचा माणूस दिवाळीला गावी गेला होता. रवळू सवयीनं सकाळची पॅसेंजर पकडून आला आणि वॉचमननं त्याला सवयीनंच आत सोडलं. नवी वही नव्हती. तो जुनीच समोर घेऊन बसला होता, तेवढ्यात धुवट सदऱ्यात भरमाण्णा आला. एका हातात नारळ, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा.

“म्हटलं पूजा चुकाय नको. कारखाना बंद असला म्हनून काय झालं.” तो खुर्चीवर बसला. “आता दोनच म्हयनं. गवंड्यासंगट बोलून आलतो काल. संक्रातीला काम धरतो म्हनला.” त्यानं नारळ वहीजवळ ठेवला. “वाजीव.”

रवळूचं बोट पानावर गेलं आणि तिथेच थांबलं.

“अण्णा, पान हाय. पैसे न्हाईत.”

“म्हंजे?”

“पैसे कधीच नव्हते. लिवलेलं होतं. द्यायचं हाय म्हनून लिवलेलं. ठेवलेलं न्हवं.”

“असं कसं? सही-शिक्का हाय की. मालकांनी कुकू लावलंय धा-बारा येळा.” भरमाण्णाचा आवाज चढला नाही, न कळणारी गोष्ट समजावून घेणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. “आन इमा? इमा उतरिवलेला न्हवं का माझा? डाक्टर तपासाय आलता. छाती मोजलेली.”

“बँकेनं घेतला.”

“माझा इमा ब्यांकेला कुणी दिला?”

“सही मालकांची हाय.” रवळूला एवढ्यावर थांबता आलं असतं आणि ते खोटंही झालं नसतं. पण खालचा खण त्याच्या गुडघ्याला टेकला होता. त्यानं तो ओढला, कार्बनचा गठ्ठा उचलला आणि पिवळे पडलेले चार कागद काढून टेबलावर ठेवले. “यादी मी केलेली. आन ह्यो कागद बघा. ह्याच्यावर सही झाली असती तर इमा तुमचा ऱ्हायला असता. मालक सही कराय तयार होते, अण्णा. एकदा आपल्या तोंडानं म्हनलेले. मीच नको म्हनलो. कर्जाचं काम अडंल म्हनून.”

भरमाण्णानं कागद हातात घेतले, उलटसुलट बघितले. चौथ्या पानावर सहीसाठी सोडलेली रिकामी रेघ होती. तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

“कवाची गोष्ट?”

“एकोणऐंशी.”

“म्हंजे त्याच्या फुडं सा पाडवं झाले.”

“व्हय.”

“सा येळा तू वाजवून दावलंस.”

रवळूनं वही मिटली. बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती पुरी वाजून संपली.

मग भरमाण्णा उठला. टेबलाला टेकून, आधी एक गुडघा सरळ करून मग दुसरा. “तुला काय बोलू?” तो म्हणाला. “तीस वरसं एक बॉडी दुसऱ्याच्या कानानं पास केली न्हाय मी. हाताखालचा पोरगा चांगली हाय म्हनाला तरी सोता ठोकून बघितली. वही तेवढी तुझ्याकडनं वाजवून घेतली.” दारापर्यंत जाऊन तो वळला. “मालूला म्या सांगतो. तू नगं येऊस.”

पेढ्यांचा पुडा आणि नारळ टेबलावरच राहिले. वॉचमननं संध्याकाळी नेले.

रवळूला त्याची ग्रॅच्युइटी दीड वर्षानं मिळाली, पैसान्‌पैसा. ती भरमाण्णाला नेऊन द्यावी असं त्याच्या मनात आलं होतं, हे खरं. निम्मी तरी द्यावी, असंही आलं होतं. मग पोरीचं लग्न निघालं आणि ते मनातच राहिलं. बायको नागुबाई एकदा म्हणाली, “तुमी तर चोरी केली न्हाय, मग असं का बसता?” त्यानं सांगितलं, “चोरी केली असती तर वहीत कुठंतरी फरक आला असता.” तिला ते कळलं नाही. खानापुरात एका भाताच्या गिरणीची वही तो लिहू लागला.

लिक्विडेशनचं गुऱ्हाळ चार वर्षं चाललं. भरमाण्णाचा दावा रवळूनंच भरला होता आणि पत्ता गुंजीचा दिला होता, इंग्रजी पत्रं वाचायला सोपं पडावं म्हणून. एकोणनव्वदच्या दिवाळीत रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. बाकीच्या घेणेकऱ्यांना रुपयाला सहा पैसे. श्री. भरमा होनगेकर, चार हजार पाचशे चौऱ्याऐंशी रुपये फक्त. रवळूनं गुणाकार करून बघितला. बरोबर होता.

पाडव्याच्या सकाळी तो पाकीट घेऊन अनगोळला गेला.

जोतं होतं तसंच होतं. फक्त जिथे स्वयंपाकघर यायचं होतं तिथे एका कोपऱ्यात पत्र्याची खोली उभी होती. उरलेल्या जोत्यावर, सोप्यात आणि माजघरात, पंपाच्या बॉड्यांच्या ओळी लावल्या होत्या. उद्यमबागेतले छोटे शेडवाले हातगाडीवरून माल आणून टाकत. नगाला चार आणे घेऊन भरमाण्णा तो तपासून देई. सण असूनही त्याचं काम चालू होतं. केस सगळे पांढरे झाले होते. तो ठोकळ्यासमोर उकिडवा बसला होता, डावा कान पुढे करून.

मालुबाईनं रवळूला बघितलं. मग पत्र्याच्या खोलीत गेली, तेही वळसा घालून, सोप्याचं दार जिथे यायचं होतं तिथून. बाहेर येऊन तिनं त्याच्यापुढे चकलीची बशी ठेवली.

“अण्णा, कोर्टाचा चेक आलाय.”

भरमाण्णानं हातोडी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि चेक घेतला. आकडा वाचला. “एवढंच?”

“एवढंच. रुपायाला सा पैसे. आता पुढं काय न्हाय यायचं.”

“बरं.”

त्यानं चेकची चौघडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. रवळू तसाच उभा राहिला. आज कागद खरा होता. बेंगळूरच्या कोर्टाचा, त्यामागे पैसे मोजून ठेवलेले, हवं तेव्हा बँकेतून हातात येणारे. सतरा वर्षांत पहिल्यांदाच तो बोट टेकवून भरीव म्हणू शकला असता. अण्णा विचारील याची तो वाट बघत राहिला.

भरमाण्णानं विचारलं नाही. त्यानं हातोडी उचलली, पुढची बॉडी ठोकळ्यावर ओढली, कान जवळ नेला आणि ठोकली. ती वाजली. ती उजवीकडे सरकवून त्यानं दुसरी घेतली. तीही वाजली. तिसरी बद्द वाजली. त्यानं ती पुन्हा एकदा ठोकून खात्री केली, खडूनं तिच्यावर फुली मारली आणि बाजूला ठेवली.